अमीरबी आणि सहाशे चौदा चोची

राजवीरनं एका दुपारी अंटार्क्टिकाच्या सीलांना दुप्पट जेवू घातलं. तेही शिवाजी पेठेत राहून.

झालं असं, की त्याच्या कॉलेजात तिथल्या मोहिमेवरून एक बरणी आली होती. सील माकुलं, म्हणजे स्क्विड, खातात. मऊ मांस पचतं, पण माकुलाची पोपटासारखी काळी चोच पचत नाही, ती विष्ठेत सापडते. चोची मोजल्या की किती माकुलं खाल्ली ते कळतं. राजवीरनं मोजल्या सहाशे चौदा, आणि अहवालात लिहिलं: माकुलं सहाशे चौदा. बकरं खुरापासून शिंगापर्यंत ओळखणाऱ्या या गड्यानं अख्खं माकुल जन्मात बघितलं नव्हतं.

प्रकल्प बघणाऱ्या पूर्णिमा मॅडमनी एवढंच विचारलं, "यातल्या वरच्या किती, खालच्या किती?"

राजवीरनं बरणी उचलून उजेडात धरली.

"सोमवारपर्यंत वेगळ्या कर. नाहीतर प्रकल्पातनं तुझं नाव काढते."

पुस्तकातल्या चित्रांत त्याला दोन्ही सारख्याच दिसल्या. म्हणून शनिवारी तो बरणी घेऊन मासळी बाजारात माकुल विकणाऱ्या अमीरबीपुढं उभा राहिला.

अमीरबीचं माहेर रत्नागिरी. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा इथली माणसं माकुलाला रबर म्हणून पुढं जायची. तिनं कुणाला फुकट दिलं, कुणाला शिजवायचं कसं ते सांगितलं, कुणाला शिव्या घातल्या, आणि अठ्ठावीस वर्षांत गिऱ्हाईक तयार केलं. स्वतः मात्र मटणच खाते. "दिसभर तेच हातात, परत ताटात कशाला?"

तिनं बरणी हुंगली. "दारूत घातलंयस व्हय रं? किती मोजल्यास?"

राजवीरनं आकडा सांगितला. ती एवढी हसली, की शेजारच्या चमननं बोंबलाची टोपली खाली ठेवली.

"कात्रीला दोन पाती, म्हणून कात्र्या दोन व्हत्यात व्हय? वरचं एक, खालचं एक, मिळून त्वांड एक!"

"मावशी, वेगळ्या करून द्या की."

"देते. पर दोन घमेली माकुल तू साफ करायचं. हातानं."

ती ताटलीत चोची घेऊन बसली. लांब टोपीची वरची, पंख पसरलेली खालची. बघत नव्हतीच, बोटांनीच निवडत होती. इकडं राजवीर कोपरापर्यंत माकुलाच्या शाईनं काळा. पायांच्या मुळाशी दाबलं की चोच सीताफळाच्या बीसारखी बाहेर यायची. पहिलं घमेलं संपेस्तोवर त्यालाही वरची-खालची कळायला लागली.

खालच्या निघाल्या तीनशे अकरा, वरच्या तीनशे तीन. म्हणजे माकुलं निदान तीनशे अकरा.

"आणि ही पांढुरक्या कडंची कोवळ्या माकुलाची. तुझा सील पोरंबी सोडत न्हाय."

तेही त्यानं अहवालात लिहिलं. मॅडमना तीच ओळ आवडली. "हे कुठं वाचलंस?"

"बाजारात," राजवीर म्हणाला. प्रकल्पातलं नाव टिकलं.

बाजार उठायची वेळ झाली म्हणून दुसरं घमेलं त्या दिवशी राहिलं, ते राहिलंच. हल्ली तो खेळायला मैदानावर जाताना बाजार टाळून लांबच्या रस्त्यानं जातो. तरी एखाद्या रविवारी अमीरबीची हाक येतेच:

"ओ पावणं! घमेलं वाट बघतंय!"