साडेतीनशेची पाचशे

लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांच्या घरी जेवायला गेलो आणि डिझेलने हात धुतले. लाइट गेली होती. ओसरीवर भरलेली परात दिसली. जावयासाठी ही खास सोय केलेली असणार, असं समजून मी मनगटापर्यंत हात बुडवले. परातीत मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, फटफटीचे नटबोल्ट भिजत पडले होते. मामा बाहेर आले, आधी परातीकडे, मग माझ्या हातांकडे बघितलं आणि पार रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "असू द्या जावईबापू. आता बोटांना गंज धरत न्हाई तुमच्या!"

मामांचा आवाजच तसा. सगळी हयात फटफटीवर बसून बोलण्यात गेलेली, त्यामुळे गाडी बंद असली तरी ती चालूच आहे असं धरून ते बोलत. कुंभार पिंपळगावच्या अलीकडे त्यांचं शेत, शेतातच घर. घरात कोणती भाजी शिजतेय हे रस्त्याने जाणाऱ्याला विचारावं लागत नसे. गाडी साडेतीनशे सीसीची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. तिच्या पेट्रोलच्या टाकीवर बसायचा मान लहानपणी फक्त सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला होता. हा मान आपला नवरा पुढे कधी मिळवू शकला नाही, हे ती मला अधूनमधून ऐकवते.

त्या गाडीत एकच खोट होती. रस्त्यापासून घराकडे येताना ओढा लागतो आणि ओढ्यानंतर खडा चढ. मामा एकटे असले तर गाडी चढायची. मागे मामी, म्हणजे सासूबाई, आणि मामींच्या मांडीवर बाजाराची पिशवी असली, की अर्ध्यात धापा टाकायची. मग मामा म्हणायचे, "सुनंदाची माय, उतर जरा." मामी उतरायच्या, पिशवी घेऊन चालत वर यायच्या. तोवर मामा वर उभे राहून गाडी पुसत असत. मामींचं त्यावरचं मत ठरलेलं होतं : "गाडी यांची, पण चढ चढायचा माझ्या पायानं."

साठी उलटल्यावर मामांनी जाहीर केलं, की साडेतीनशेची पाचशे करायची. मी माझ्या हुशारीप्रमाणे सुचवलं, "मामा, त्यापेक्षा नवी घ्या ना."

"नवी घेतली तर चढ तिनं चढला," मामा म्हणाले. "मी कुठं चढलो?"

मग इंजिन उघडलं गेलं. पाचशेचा सिलिंडर आणि पिस्टन त्यांनी कुठून तरी जुन्या बाजारातून पैदा केला. जाडजूड सिलिंडर इंजिनाच्या खालच्या पेटीत, क्रँककेसमध्ये, बसेना, म्हणून तिचं तोंड लेथवर मोठं करून घ्यायला ते जालन्याला आमच्याकडे आले. क्रँककेस मामींच्या जुन्या साडीत गुंडाळून आणली होती. सोफ्यावर ती बसली, शेजारी मामा बसले आणि मी खुर्ची शोधायला लागलो. एमआयडीसीतल्या लेथवाल्याला त्यांनी काम संपेपर्यंत चहाला उठू दिलं नाही. "च्या मंग. आधी हिचं तोंड मोठं होऊ दे, मंग आपलं उघडू."

बोल्ट आवळायची त्यांची एक रीत होती. आधी बोटांनी फिरवायचा, बोटांनी जाईल तिथवर जाऊ द्यायचा, पाना नंतर. "पोरीचं लग्न बी असंच जमवावं," ते म्हणाले. "आधी हातानं बसतंय का बघावं. पान्यानं कुणीबी बसवतो." मी विचारलं, "माझं कसं बसवलं?" मामांनी पाना उचलला. "तुम्हाला वायसर लावावा लागला."

गाडी जुळली. एका किकमध्ये सुरूही झाली. अडचण वेगळीच निघाली. गाडी 'लावायची', म्हणजे कार्बोरेटरचा स्क्रू आतबाहेर करून इंजिनाचा ठेका बरोबर आणायचा, ते काम कानाचं. आणि मामांचे कान गेले होते. मान्य मात्र कोण करणार? मागच्या सीटवर मामींच्या ऐवजी सोयाबीनचं पोतं बांधून त्यांनी चढावर गाडी घातली. अर्ध्यात बंद. पुन्हा स्क्रू फिरवला, पुन्हा बंद. मिस्त्रीला बोलवू म्हटलं तर भडकले. "दुसऱ्याच्या कानानं गाडी लावायची? मंग चालवायला बी त्यालाच ठेवतो!" कानाचं मशीन लावून पाहिलं, ते गाडीपेक्षा जास्त शिट्ट्या मारायला लागलं.

शेवटी घरचा कान म्हणून मला उभं केलं. ते स्क्रू फिरवत, मी प्रत्येक वेळी "बराबर, मामा" म्हणत होतो. मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. मामांनी गाडी बंद केली आणि ओट्यावर बसले.

"जावईबापू, तुम्ही सगळ्यालाच बराबर म्हणून राह्यले." आणि मग, मी तोवर कधीच ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात, "गाडी झाली, पर कान ऱ्हायला न्हाई. तिला मागं बसवली अन् पुन्हा अर्ध्यात उतर म्हणायची पाळी आली, तर मला तोंड न्हाई."

दारात मामी उभ्या होत्या. हाताला पीठ. "चालू करा," त्या म्हणाल्या.

मामांना ते ऐकू गेलं नाही. मामींनी पिठाच्या हातानेच किक दाखवली. गाडी सुरू झाली. मामा स्क्रूवर हात ठेवून बायकोच्या तोंडाकडे बघत बसले. मामींनी डोळे मिटले, मान हलवली : नाही. अजून नाही. मामा फिरवत राहिले. मग मामींचा हात वर झाला. "हां. ही आपली. आता हात लावू नका."

आयुष्यात पहिल्यांदा मामांनी वाद घातला नाही. सोयाबीनचं पोतं सोडलं. मामी हात धुऊन, पदर खोचून मागे बसल्या. दोघं ओढ्यापर्यंत खाली गेले, तिथून वळले, आणि गाडी एका दमात चढ चढून आमच्या समोर आली. थांबली नाही. वळसा घालून पुन्हा रस्त्याला लागली. सुनंदाने केलेला चहा गार झाला. बऱ्याच वेळाने दोघं भाजी घेऊन परतले. "कंबर मोडली माझी," मामी म्हणाल्या, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा बसल्या.

मामांना जाऊन आता वर्ष होत आलंय. परवा गावी गेलो होतो. उभी राहून गाडी खराब होईल, म्हणून जेवण झाल्यावर मी ती बाहेर काढली, ओढ्यापर्यंत नेली आणि चढ चढून परत आणली. घरात पाऊल टाकलं तर मामींनी माझ्यापुढे ताट ठेवलं. ताटात तव्यावरची गरम भाकरी. "मामी, आत्ताच तर जेवलो," मी म्हटलं. "खा," एवढंच त्या म्हणाल्या. सासरचा आग्रह समजून मी बसलो आणि खाल्ली.

जालन्याला परतताना सुनंदा खिडकीशी बसली होती. म्हणाली, "बाबांची गाडी चढाला लागली की आई तवा ठेवायची. मी जन्मायच्या आधीपासून. आज तो आवाज आला आणि ती उठली. मी बघत होते, मला थांबवता आलं नाही." खिडकीबाहेर बघत ती पुढे म्हणाली, "बरं झालं खाल्लीत. नको म्हणाला असतात ना, तर तुम्हाला तिथंच सोडून आले असते."