पन्नास निवडलेल्या, पन्नास न निवडलेल्या

कतारमध्ये तू नेमकं काय करायचास, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगतो, पुंगळ्या निवडायचो. ऐकणारा हसतो. मग त्याला समजावावं लागतं की पिस्तुलाची गोळी उडाली की शिसं पुढे जातं आणि मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती फेकून न देता धुवायची, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू आणि शिसं भरायचं, की झाली पुन्हा गोळी तयार. दोह्याबाहेर आमच्या कंपनीचा नेमबाजीचा छोटा क्लब होता. शुक्रवारी सकाळी गोरे इंजिनियर तिथे येऊन कागदावर राग काढत. शनिवारी मी वाळूतून पुंगळ्या वेचायचो आणि उरलेला आठवडा त्या निवडत बसायचो. पत्र्याच्या शेडमध्ये, पण एसी असलेल्या.

त्या एसीसाठी मी काहीही निवडलं असतं. व्हिसावर मी आलो होतो सेंटरिंगचा सुतार म्हणून. दोन उन्हाळे दोह्याच्या उत्तरेला, समैस्मा गावात, व्हिलांच्या स्लॅबखाली फळ्या ठोकल्या. जूनच्या दुपारी तिथे खिळा तोंडात धरायची सोय नसायची, ओठ भाजायचा. मग क्लबच्या साहेबाने शांत डोक्याचा माणूस मागितला आणि आमच्या फोरमनने मला पाठवलं. माझं डोकं किती शांत आहे ते फोरमनला पुरतं ठाऊक होतं. त्याला मी नकोसा झालो होतो, एवढंच.

साहेब म्हणजे रिटायर झालेला इंग्रज सोल्जर. पिस्तुलं त्याच्या ताब्यात, आणि गोळ्या तो स्वतः भरायचा. टेबलाला बोल्ट मारून बसवलेलं हाताचं यंत्र होतं, त्याचा दांडा एकदा खाली, एकदा वर. पहिल्याच दिवशी त्याने पुंगळीच्या बुडावर कोरलेली अक्षरं दाखवली. प्रत्येक कारखान्याची अक्षरं वेगळी, प्रत्येकाच्या पितळेची जाडी वेगळी. म्हणून एका कारखान्याच्या एका डब्यात, मिक्स नो गुड.

मला एवढंच पुरेसं होतं. आमच्या घरी गहू निवडायला बसलं की खडा सापडेपर्यंत कुणी उठत नसे, आणि नाही सापडला तर निवडणाऱ्याचंच चुकलं असं समजत. मी दुधाच्या पावडरीचे अकरा डबे मांडले. इंग्रजी मला बेताचंच, म्हणून पुंगळ्यांना मी नावं ठेवली. एक फुलीवाली, एक दोन चांदण्यांची, एक नुसती आकड्याची. एकीच्या बुडावर इतकी गिचमिड अक्षरं होती की मी तिला तहसीलदार म्हणायचो. तहसीलदारांच्या डब्यात फुलीवाली गेली तर मला जेवण गोड लागत नसे.

क्लबची पिकअप चालवणारे चाचा रत्नागिरीकडचे. वयाने मोठे, आणि दोह्याच्या नजमा वस्तीतल्या आमच्या खोलीत माझ्या वरच्या बंकवर झोपणारे. त्यांना माझं हे सोवळं अजिबात पटत नव्हतं. मी पुंगळ्या चिंचेच्या पाण्यात घासायचो. ते म्हणायचे, "चिंचेनं काय होतंय? आमसूल घाल, आमसूल. घाट्यांना भांडीपण घासता येत नाय."

"चाचा, तुम्ही गाडी चालवा."

"गाडी चालवतोयच मी. पण मला एक सांग, ही अक्षरं तू वाचतोस, साहेब वाचतो. पिस्तुलाला येतंय काय रे वाचता?"

मी चिडायचो. चिंचेचं पाणी आणखी जोरात ढवळायचो.

मग तेलाचे भाव पडले आणि कंपनीत माणसं कमी करायची लाट आली. ऑफिसातून नवा मॅनेजर क्लब बघायला आला. आपल्याच देशातला, चकचकीत बूट, काखेत फाइल. उंटावरून शेळ्या हाकणारे बरेच पाहिले होते, पण उंटांच्या देशात येऊन हाकणारा हा पहिलाच. शेडमध्ये मला डब्यांच्या मधोमध मांडी घालून बसलेला बघून तो थबकला.

"हा काय करतो?"

"पुंगळ्या निवडतो," साहेब म्हणाला.

"दिवसभर? आणि त्याने फरक पडतो?"

एखाद्या शहाण्या माणसाने इथे 'पडतो' म्हणून विषय खलास केला असता. साहेबाने हनुवटी खाजवली. म्हणाला, रायफलला, लांबच्या निशाणाला, नक्की पडतो. पिस्तुलाला, पंचवीस मीटरवर... खरं सांगायचं तर मी कधी तपासलं नाही. तपासू या.

इंग्रजांच्या प्रामाणिकपणाबद्दल मी बरंच ऐकून होतो. तो माझ्याच बोडक्यावर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. मॅनेजर लगेच म्हणाला, छान, येत्या शुक्रवारी. फरक पडला तर माणूस राहील, नाही पडला तर समैस्म्याला सेंटरिंगला माणसं कमी आहेत. तेव्हा मे महिना संपत आला होता.

ठरलं असं. एका खोक्यात पन्नास पुंगळ्या निवडलेल्या, एकाच कारखान्याच्या. दुसऱ्यात पन्नास, बादलीतून डोळे मिटून काढलेल्या. खोकी मी भरायची, गोळ्या साहेब भरणार, नेमही साहेबच धरणार.

पहिलं खोकं मी तहसीलदारांचं भरलं. दुसऱ्यासाठी बादली पुढ्यात घेतली आणि डोळे मिटले. चाचा दारात विडी ओढत उभे होते. दोन मिनिटांनी म्हणाले, "डोळे मीट म्हणाला ना तो? मग हे काय चाललंय?"

मी डोळे उघडले. खोक्यात बारा पुंगळ्या होत्या आणि माझ्या मांडीवर तीन. एकीचं तोंड फाटलेलं, दोघींच्या बुडाजवळ केसासारखी भेग. डोळे मिटले तरी अंगठा आपलं काम करत होता. पुंगळी हातात आली की तो गोल फिरायचा आणि भेग लागली की बाजूला टाकायचा. मला पत्ताच नव्हता.

"टाक परत त्या आत," चाचा हळूच म्हणाले. "आणि दोनचार अजून टाक. ते खोकं वाईट निघालं की तुझी नोकरी वाचली. ह्यात लबाडी पण नाय. बादलीत होत्याच ना त्या?"

चाचांचं म्हणणं बिनतोड होतं. नियमाने त्या खोक्यातच जायला हव्या होत्या. काढणं हीच लबाडी होती. मी त्या तीन टाकल्या, हुडकून आणखी चार टाकल्या आणि खोकं साहेबाच्या टेबलावर ठेवून आलो. साहेब मान वर न करता अरबीत आभार मानत "शुक्रन" म्हणाला. गोऱ्याच्या तोंडून तो शब्द मला नेहमी गमतीचा वाटायचा. त्या दिवशी नाही वाटला. बुडाशी चिरलेली पुंगळी फुटली की गरम वाफ मागे येते, आणि मागे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो. हे मला त्यानेच शिकवलं होतं.

"सर, वन मिनिट," असं म्हणून मी खोकं उचललं, बाहेर आलो आणि सातही काढून खिशात टाकल्या. त्यांच्या जागी सात धड पुंगळ्या घातल्या. चाचांनी कपाळावर हात मारला.

"आता बांध बिस्तरा," ते म्हणाले.

शुक्रवारी साहेबाने वाळूच्या पिशवीवर मनगट टेकून शंभरही गोळ्या झाडल्या. मॅनेजरने कागदांवरच्या भोकांना फूटपट्टी लावली. निवडलेल्यांचा पसारा वीतभरापेक्षा थोडा कमी. न निवडलेल्यांचा त्याहून बोटभर कमी! माझ्या अकरा डब्यांपेक्षा बादली सरस निघाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मॅनेजरने हसून फाइल उघडली. "खलास. काही फरक नाही."

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. खिशातल्या सात पुंगळ्या मी त्याच्या फाइलवर ओतल्या आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, की बादलीत ह्याही होत्या, मी काढल्या.

"म्हणजे तू फसवलंस," मॅनेजर म्हणाला. "डोळे मिटून भरायचं ठरलं होतं. का काढल्या?"

"साब, मैंने नहीं निकाला। हाथ ने निकाला।"

चाचा मागे खोकायला लागले. साहेबाने एक पुंगळी उचलून डोळ्यांशी नेली, मग लांब धरली, मग उन्हात धरली. शेवटी बुडावर नख फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिला. मग मॅनेजरला म्हणाला, अक्षरांनी फरक पडत नाही हे तुझं खरं. पण ही भेग मला दिसत नाही. लांबचा कागद दिसतो, हातातलं दिसत नाही. चष्म्यानेही नाही. दोन वर्षं झाली. ह्याचा हात फिरलेला असतो म्हणून मी भरतो.

मॅनेजरचं हसू गेलं. आपण काय बोलून बसलो ते साहेबालाही कळलं असणार, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. माणसं कमी करायच्या दिवसांत, फाइल उघडी असताना, आपल्याला दिसत नाही असं कोण सांगतं? त्याने सांगितलं. माझ्यासाठी सांगितलं, ही गोष्ट मला आज लिहितानाही जड जाते.

दोन आठवड्यांनी ऑफिसचं पत्र आलं. चाचांनी पिकअपच्या बॉनेटवर ठेवून वाचलं. माझी जागा राहिली होती. हुद्दा वाढून 'इन्स्पेक्टर' झाला होता, आणि गोळ्या भरायचं कामही माझ्याकडे येणार होतं. मी चाचांना मिठी मारली. ते म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, आता तरी आमसूल वापरा." मग त्यांनी कागदाची खालची बाजू वाचली आणि मलाही वाचून दाखवली. खाली साहेबाचे आभार मानले होते, त्याच्या आजवरच्या सेवेबद्दल, आणि महिनाअखेरीचं विमान दिलं होतं.

मी शेडमध्ये गेलो. साहेब टेबलापासून उठला आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "यल्ला," म्हणाला, म्हणजे चल, लाग कामाला.

पुढचे दहा दिवस त्याने मला भरायला शिकवलं. दांडा खाली, दांडा वर. चुकलो की बोटांवर टिचकी मारायचा. त्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी माझं पहिलं खोकं भरून त्याच्यापुढे ठेवलं, पन्नास गोळ्या, अकराही डब्यांतल्या मिसळून. म्हटलं, सर, एकदा तपासून घ्या. नखाने तरी.

त्याने खोकं उचललं, मैदानावर गेला आणि पन्नासच्या पन्नास झाडल्या. एकीवरही नख फिरवलं नाही.