चुडामणचे चौघांचे रोट

आमच्या गल्लीतला चुडामण जन्मभर एकच वस्तू काढत आलाय, प्लॅस्टिकची चटई. बादली नाही, पाइप नाही, साधा मगसुद्धा नाही. मी म्हणायचो, "चुडामणभाऊ, देवानं दोन हात दिलेत, निदान दोन वस्तू तरी काढा!" तो म्हणायचा, "माझ्या चटईची कड सुटलेली दाखव, मग बोल." दाखवणार कुठून? माझ्या घरची त्याची चटई माझ्यापेक्षा धडधाकट आहे.

धाकटा भाऊ अभिमन उलट्या स्वभावाचा. जळगावच्या एमआयडीसीत दोघांची एकच शेड होती. त्याला आज बादल्या काढायच्या असत, उद्या ठिबकच्या नळ्या. शेवटी तो धुळ्याला गेला. आता तिकडे टाक्या, खुर्च्या, क्रेट, काय वाट्टेल ते निघतं. इकडे थोरल्याच्या शेडमध्ये एक लूम खडखडतो. बायको, पुष्पाबाई, गेल्यापासून त्या खडखडाटाशीच त्याचं काय ते बोलणं.

यंदा श्रावणात त्यानं घरी कानबाई, आमची खान्देशची देवी, बसवली. रोटांचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषागणिक मुठीनं घ्यायचे आणि ते रोट भाऊबंदांनीच संपवायचे. बाहेरच्यानं तोंडाला लावायचे नाहीत. चुडामणनं स्वतःच्या मुठी घातल्या, मग अभिमनच्या, मग त्याच्या दोन्ही पोरांच्या.

"अहो, तो वेगळा झाला ना?" मी टोकलं.

"धंदा वेगळा झाला. कानबाई एकच शे. येतो म्हणालाय."

रविवारी सकाळीच त्यानं नवी कोरी चटई अंथरली. भावाभावांचं भांडण फुकटात बघायला मिळेल म्हणून मीही येता-जाता डोकावत होतो. दुपारी धुळ्याचा टेम्पो आला. ड्रायव्हर उतरला आणि त्यानं लाल खुर्च्या उतरवल्या.

"शेठ नव्या मशिनीत अडकलेत. पाहुण्यांना बसायला या पाठवल्या."

चुडामणनं खुर्च्या चटईभोवती नीट मांडल्या आणि स्वतः खाली बसला. पुढ्यात चौघांचे रोट.

"भाऊ, मला दत्तक घ्या, आत्ता संपवतो," मी दारातूनच म्हणालो.

तो हसला. ताट मात्र स्वतःकडे ओढून घेतलं.

पहिला रोट संपला तेवढ्यात अभिमनचा फोन आला.

"भेटन्यात रे खुर्च्या, भारी शेतस," चुडामण सांगत होता. "नही, जागा कोठे उरनी? बठ्ठा बसेल शेतस." सगळे बसलेत म्हणे, आणि खुर्च्या तर साऱ्या रिकाम्या.

फोन ठेवून त्यानं दुसरा रोट मोडला.