पाण्याखाली वर केलेला अंगठा

"आज पाणी गढूळ आसा, काय दिसाचा नाय," बाबल होडीतच म्हणाला. गेली कितीतरी वर्षं तोच मला मालवणच्या समुद्रात खाली घेऊन जातो, आणि हल्ली दर खेपेला हेच म्हणतो. तरी मी कॅमेरा घेऊन उतरलो. ज्या खडकावरच्या जांभळ्या प्रवाळासाठी मी इथे येतो, तो अगदी हाताशी आल्यावर कुठे दिसला. फ्लॅश मारला, तर फोटोत नुसता गाळ चमकला. तेवढ्यात एक पिवळा मासा भिंगासमोर येऊन थांबला. बाबलने बोटांचं वर्तुळ करून विचारलं, ठीक ना? मी नकळत अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ, मला वर जायचंय. नवखे करतात ती चूक. बाबलने माझा दंड धरला आणि मला वर आणलं. मासा खालीच राहिला.

होडीत बसल्यावर वाटलं, हिला चूक तरी कसं म्हणू? दमलो तर होतोच. जमिनीवरही कुणी 'कसं काय?' विचारलं की मी हाच अंगठा दाखवतो. तिथे सगळे हसून पुढे जातात. दंड कुणी धरत नाही.