कोनाड्यात राहिलेला रोटर

आधीच सांगते, आमच्या घरात भूतखेत, नवस, अंगात येणं यांना उंबऱ्याच्या आत जागा नाही. सासऱ्यांनी धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशीच ते सगळं बाहेर काढलं. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवलंय. कुणी काही अचाट सांगायला लागलं की माझं डोकंच फिरतं... तरी हे लिहायला बसले.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीचं हे. आम्ही येलदरीला, धरणाच्या जुन्या वस्तीत राहायचो. सासरे धरणावर जीप चालवायचे. अमेरिकेहून आलेली, स्टेअरिंग डावीकडे असलेली ती जीप पुढे भंगारात निघाली आणि त्यांनीच घेतली. ते गेल्यावर ती आमच्या ह्यांच्याकडे आली. मी उजवीकडे बसायचे, तर लोक मलाच ड्रायव्हर समजून हात करायचे. "बाई, जिंतूरला सोडता का?" हे हसून हसून बेजार.

पण त्या जीपचं एक दुखणं होतं. कंपनीनं तिचं बनवणं तिकडून आपल्या देशात हलवलं, तेव्हा स्टेअरिंग उजवीकडे आलं आणि आतलंही बरंच बदललं. इकडचे पार्ट आमच्या जीपला बसेनात, तिकडचे मिळेनात. त्यातला एक म्हणजे रोटर. इंजिनात ठिणगी वाटून देणारा अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो नसला की गाडी ढिम्म हलत नाही. जीपला किल्ली नव्हती, नुसतं बटण. म्हणून गाडी उभी केली की चोरीच्या भीतीनं हे रोटर काढायचे आणि कोनाड्यात, तथागतांच्या फोटोपुढे ठेवायचे. सासऱ्यांची धरणावरची सवय. दुसरा रोटर आमच्याकडे नव्हता, परभणीच्या बाजारातही नव्हता.

माझं पहिलं बाळ, जीप बंद पडली होती म्हणून, बैलगाडीत, जिंतूरच्या अलीकडेच गेलं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कळा आल्या की थेट परभणी गाठा, वाटेत थांबू नका.

कळा आल्या त्या भर दुपारी. हे जेवत होते, तसेच उष्ट्या हातानं उठले. शेजारच्या शांताबाईनं मला मागच्या सीटवर आडवं केलं. सासूबाई शेळ्या कुणाच्या तरी ओटीत घालून मागून एसटीनं येणार होत्या. ह्यांनी बटण दाबलं आणि गाडी निघाली. मला आठवतं ते एवढंच — बोरीच्या पुढे शांताबाई माझं कपाळ पुसत होती, झरीला कुणीतरी हात केला आणि हे थांबले नाहीत. एरवी शंभरदा खोकणारी ती जीप त्या दिवशी एकदाही खोकली नाही. मी मनात म्हणत होते, बाई गं, एवढी वेळ ने.

पोरगी झाली. टाक्यांचं दुखणंही गोड वाटावं असं रडली ती!

सकाळी वॉचमननं जीप फाटकातून काढायला सांगितली. ह्यांनी बटण दाबलं. काही नाही. बॉनेट उघडून रोटरवरची टोपी काढली, तर आत रोटरच नाही. हे चिडले. दवाखान्याच्या दारातून रोटर चोरला म्हणून वॉचमनशी भांडायलाच लागले. तेवढ्यात पहिल्या एसटीनं सासूबाई आल्या. नातीकडेही न बघता त्यांनी पदराची गाठ सोडली. आत रोटर.

"तुमी गेल्यावर दिवा लावाय गेले, तर ह्यो कोनाड्यातच. सारी वाट खिडकीतून बघत आले, कुठं बंद पडून बसलाव म्हणून... माय, तुमी आलाव कशानं?"

ह्यांनी रोटर हातात घेतला. उलटसुलट करून बघितला. मग बसवला, बटण दाबलं, गाडी लगेच चालू झाली.

नंतर ह्यांनी मुद्दाम कितीदा तरी रोटर काढून बटण दाबून पाहिलं. ढिम्म. माझेही सगळे प्रश्न विचारून झाले. गडबडीत बसवला असेल? मग कोनाड्यात कोणता होता? सासूबाईंना भास झाला? मग पदरात काय होतं? मेकॅनिक लोकांना सांगितलं, ते आमच्याकडेच संशयानं बघतात. मला याला चमत्कार म्हणायचं नाही, ते माझ्या तोंडात बसत नाही. कारण असेल. मला ते सापडलेलं नाही, इतकंच.

पोरगी आता दोन लेकरांची आई आहे. जीप अंगणात गंजत उभी आहे, आणि रोटर अजून कोनाड्यात. परवा झाडलोट करताना मी म्हटलं, आता कशाला हवाय हा, टाकून देऊ का?

हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जीपला त्यो लागत न्हाई, ते त्या दिवशी बघितलंय आपण. पण आपल्याला लागतो."