वामनरावांचा उलटा माऊस

वामनरावांना कोणी साधाभोळा माणूस म्हटलं की माझं टाळकं सरकतं. भोळा कसला डोंबलाचा! एवढा हट्टी माणूस नागपूरच्या अख्ख्या महाल भागात शोधून सापडला नसता. मी इंदू, गोपाळरावांच्या छापखान्यात प्रूफं वाचायची, आणि वामनराव तिथले जुळारी. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक उचलायचे, ओळ जुळवायची आणि ती गॅलीत, म्हणजे लांबट पत्र्याच्या ताटात, नेऊन ठेवायची, हे त्यांचं काम. त्यांच्या जोडीला बळीराम. दोघेही कन्हानचे. एकाच बसनं यायचे, एकाच डब्यातलं खायचे. डब्यात भिवापुरी मिरचीची चटणी असली की मी हातातलं प्रूफ टाकून उठायची, आणि बळीराम म्हणायचा, "आल्या बापा इंदुताई, झाका डबा!" काय दिवस होते ते! शाईचा आणि रॉकेलचा वास साडीला चिकटायचा, घरी गेल्यावर सासूबाई नाक मुरडायच्या, आणि मला तोच वास आवडायचा.

मग एकोणनव्वदच्या दसऱ्याला कॉम्प्युटर आला. काय त्याचा थाट! त्याच्यासाठी वेगळी खोली, थंड हवेचं मशीन, दाराला पडदा, खाली गालिचा, चपला बाहेर. गोपाळरावांनी स्वतः हार घातला, नारळ फोडला. आम्ही मे महिन्यात एक जास्तीचा पंखा मागितला होता तेव्हा याच माणसाच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

नारळाचं खोबरं वाटता वाटताच त्यांनी सांगून टाकलं, "खिळे आता मोडीत जाणार. जो या मशीनवर एकट्यानं पान लावीन, तो राहीन. ज्याले जमणार नाही, त्याले माझा नमस्कार." खोबरं तोंडातच राहिलं सगळ्यांच्या.

शिकवायला गिरिधर नावाचा पोरगेला माणूस आला, मशीन विकणाऱ्यांकडचा. त्यानं आधी बळीरामला बसवलं. पडद्यावर पानाचा वरचा अर्धा भागच दिसायचा. खालचा बघायचा तर उजव्या कडेला एक उभी पट्टी होती, तिच्यात एक छोटा चौकोन. माऊसनं तो चौकोन धरायचा आणि सरकवायचा. ऐकायला किती सोपं! पण बळीराम चौकोन वर ढकलायचा आणि पान जायचं भलतीकडे. हात जरा पट्टीबाहेर गेला की चौकोन टुणकन उडी मारून होता तिथे परत. त्यात मशीन मंद. पान तुकड्यातुकड्यानं उगवायचं, तोवर बळीराम आणखी दोनदा बटण दाबून बसलेला, मग पान पार दुसऱ्याच टोकाला.

गिरिधरनं माऊस उघडून आतली गोळी पुसली. माऊसचा वेग कमी केला. दुसरा माऊस आणून लावला. वायर हलवून पाहिली. शेवटी वैतागून म्हणाला, "काका, मशीन चांगली आहे. तुमचा हातच उलटा चालून राहिला."

उलटाच चालणार ना! गॅलीच्या खालच्या ओळी वाचायच्या तर जुळारी काय करतो? गॅली पुढे ढकलतो, वरच्या अंगाला. खालच्या ओळी आपोआप डोळ्यांपुढे येतात. उभा जन्म या दोघांनी तेच केलं होतं. आणि हे शहाणं मशीन म्हणत होतं की खालचं पाहायचं तर चौकोन खाली ओढा. डोक्याला कळत होतं, पण हाताला कोण सांगणार?

बळीरामनं एक दिवस खुर्चीतूनच हात जोडले. "नाही जमत जी," म्हणाला, आणि शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात चौकीदार म्हणून लागला. ज्याच्या हातची लग्नपत्रिका लोक जपून ठेवायचे, तो माणूस ट्रकांना फाटक उघडायला गेला. वामनराव त्यानंतर एकटेच जेवत. मी जाऊन बसायची, पण चटणी गोड लागत नव्हती. रडू यायचं मला, खरंच सांगते.

मग वामनरावांची पाळी आली. मिरची व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेचं पान होतं. गोपाळराव दारातूनच म्हणाले, "आज संध्याकाळलोक हे पान लागलं नाही, तर उद्यापासून येऊ नका, वामनराव." एवढं बोलून निघूनही गेले. घरी म्हातारी आई, लग्नाची मुलगी, आणि या वयात दुसरं काम देणार कोण?

मी शेजारी प्रूफ धरून बसले होते. त्या गारठ्यात वामनरावांच्या मानेवरून घाम वाहत होता. चौकोन वर ढकलला, पान पळालं. पुन्हा ढकलला, पुन्हा पळालं. "इंदुताई, हे काहून असं करून राहिलं जी?" असं ते विचारायचे आणि परत तेच करायचे. उन्हं कलायला लागली तशी माझी सहनशक्ती संपली.

"अहो, जन्मभर उलटी अक्षरं वाचली ना?" मी ओरडलेच. "मग त्या मेल्या माऊसलाही उलटा धरा आणि व्हा मोकळे!"

मी रागानं बोलले होते हो. पण वामनराव थांबले. त्यांनी माऊसकडे पाहिलं आणि गपचूप तो फिरवून ठेवला. शेपटी आपल्या पोटाकडे, बटणं मनगटाकडे. अंगठा वाकवून बटण दाबलं आणि हात नेहमीसारखा पुढे ढकलला. चौकोन खाली गेला. पानाचा खालचा भाग शहाण्यासारखा वर आला.

डावं-उजवंही उलटं झालं होतं, पण त्याचं काय? खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. दिवेलागणीला पान छापून बाहेर आलं. गिरिधर म्हणाला, "अरे काका, असं कोणी धरते काय?" वामनराव म्हणाले, "मी धरतो जी." गोपाळरावांनी पान वाचलं, वायरकडे एकदा पाहिलं, आणि एवढंच बोलले, "उद्यापासून पाय धुऊन येत जा. गालिचा खराब होते." मला त्यांना ओवाळावंसं वाटलं आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली.

वामनराव निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसले, उलटा माऊस धरून. लोक हसले. हसोत बापडे.

मागच्या हिवाळ्यात कन्हानला त्यांना भेटायला गेले होते. आता खाटेवरच असतात. माझ्या फोनवर एका लग्नाची पत्रिका आली होती, ती दाखवली. खालचा मजकूर दिसेना, तसं त्यांनी बोट काचेवर ठेवलं आणि गॅलीसारखं वर ढकललं. पान वर गेलं. त्यांनी परत ढकललं. परत गेलं.

"सुधरवलं वाटते जी यायनं," वामनराव म्हणाले.

मी हसले. मला वाटलं, तेही हसतील. पण ते फोन हातात धरून कितीतरी वेळ पान वर ढकलत राहिले.

"बळीरामले हे असंच दिलं असतं ना, इंदुताई," शेवटी म्हणाले, "त टिकला असता तो."