रणगाड्यांपुढं तीन बँड
गुडघ्याच्या बामाचा वास आला, की मला धायरीच्या फ्लॅटमधली ती रविवारची दुपार आठवते. मी लॅपटॉपवर राज्य चालवायचा गेम खेळत होते, आणि मला लढाई न करता, नाटकं, संगीत आणि संग्रहालयांच्या जोरावर जग जिंकायचं होतं. शेजारच्या राजाचे रणगाडे मात्र सीमेवर येऊन उभे होते. मागं बाम चोळत बसलेले सासरे म्हणाले, "नाटकं झाली, सैन्य कुठंय?" मी म्हटलं, "नाहीये, बाबा. त्याची प्रजा माझ्या गाण्यांवर फिदा झाली की मी जिंकले." "मग गाणारे घरात कशाला बसवलेस? त्याच्या दारात पाठव. आम्ही समोरच्या मंडळाची गर्दी त्यांच्याच मांडवापुढं लेझीम खेळून ओढायचो." मी माझ्याकडचे तिन्ही बँड सीमेपार पाठवले. रणगाडे माझ्या राजधानीच्या वेशीपर्यंत आले, आणि तिसरा कार्यक्रम संपताच पडद्यावर माझा विजय झळकला. सासरे उठले. "बसा, महाराणी. चहा मी टाकतो." आता तो बाम माझ्याही गुडघ्याला लागतो, सैन्य मात्र अजून एकदाही लागलेलं नाही.